तुंतांगला पाठवलेलं कार्ड

रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. जावा बेटावरच्या सालातिगातल्या त्या चढावरच्या गल्लीत आज पहाऱ्याची पाळी चौघांची होती. म्हातारे मार्गोनो, आणि गालिह, रेंद्रा, तेगार ही तीन पोरं. बांबूच्या चौकीत सतरंजी अंथरलेली, मध्ये उकडलेल्या शेंगांचं ताट आणि आल्याच्या चहाची किटली. पोरांच्या माना फोनमध्ये. काम फार नव्हतं. गल्लीतून फेरी मारायची, प्रत्येक दाराला टांगलेल्या पेल्यातला मूठभर तांदूळ डब्यात ओतायचा आणि परत यायचं. घरटी एक मूठ, ही गल्लीची जुनी पद्धत.

"म्बाह, शेवटचं घर सोडलं तर चालेल ना?" गालिहनं विचारलं. म्हाताऱ्याला सगळी पोरं म्बाहच म्हणत, आजोबांना म्हणतात तसं; आणि मोठ्या माणसाच्या नावाआधी आदरानं पाक लावत. "पाक तोयो परवापासून दवाखान्यात आहेत. न्हाणीत घसरले, कंबर गेली. घराला कुलूप आहे. पेला रिकामाच असणार. उगाच कशाला तेवढा चढ चढायचा?"

"विशी नाही ओलांडलीस अजून, आणि चढ म्हटलं की तुझे गुडघे दुखायला लागतात," मार्गोनो म्हणाले. "माझे खरंच दुखतात, पण मी बोललो का काही?"

"तसं नाही म्बाह, पण..."

"बस खाली. आधी ऐक. मग जायचं की नाही ते तुझं तू ठरव."

"भुताचं आहे का?" रेंद्रानं मान वर केली.

"कशाचं आहे ते मला माहीत असतं तर मी सुखानं झोपलो नसतो का? झालं ते सांगतो. बरंचसं तोयोनं स्वतः सांगितलंय, थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय. फोन ठेवा ते. आणि शेंगा जरा इकडे सरकव."

*

तुम्हाला तोयो माहीत आहे तो शाळेत चित्रकला शिकवणारा, खाली मान घालून जाणारा पाक हार्तोयो. माझ्या डोळ्यांसमोर मोठा झालाय तो. लग्न राहूनच गेलं त्याचं. एक स्थळ पाहिलं, दुसरं पाहिलं, तेवढ्यात वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली आणि तो विषयच संपला. आई म्हणजे आपली तुमिरा बू. कमरेखालचं अंग गेलं होतं तिचं. रात्री दर दोन-अडीच तासांनी तिची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. हे किती वर्षं चाललं असेल? दहा तरी. दहा वर्षांत हा माणूस एक रात्र सलग झोपला नाही रे.

पहाऱ्याच्या पाळीला इथेच यायचा. त्या खांबाला टेकायचा आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा. आम्ही कुणी उठवायचो नाही. गजर झाला की उठायचा, घरी जाऊन बूची कूस बदलायचा आणि परत येऊन त्याच खांबाला टेकायचा. मला तो थोरल्या भावासारखा मास म्हणतो. एकदा म्हणाला, "मास, बूला मी तरी आहे. उद्या मी पडलो तर माझी कूस कोण बदलणार?" हसत म्हणाला होता. मला काही हसू आलं नाही.

आता या माणसाला नाद काय, तर पोस्टकार्डांचा. हो, पोस्टकार्डं. तुम्ही लोकांनी आयुष्यात एक तरी लिहिलंय का? त्यानं कुठे तरी इंटरनेटवर नाव घातलेलं होतं. तिथून एका अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, त्याला कार्ड पाठवायचं. ते पोचलं की जगातला तिसराच कुणीतरी तुम्हाला पाठवतो. फिनलंडहून यायचं, तैवानहून यायचं, पोर्तुगालहून यायचं. कुठे बर्फ, कुठे दीपगृह, कुठे मांजर. मांजरं फार. सगळी बूला वाचून दाखवायचा. तिला कमी दिसायचं, पण ती कार्ड हातात धरून बोटांनी कडा चाचपायची आणि म्हणायची, "लांबून आलंय हं, कोपरे दुमडलेत." सालातिगाच्या बाहेर जाणं दोघांनाही नव्हतं. जग असं पेटीतून घरी यायचं.

आणि उत्तर लिहिताना तोयोचं शेवटचं वाक्य ठरलेलं. 'इकडे आलात तर घरी नक्की या.' आता हे आपण सगळेच म्हणतो. रस्त्यात भेटलेल्याला म्हणतो, दारावरून जाणाऱ्याला म्हणतो. "या ना बसायला." तो म्हणतो, "येतो येतो, पुन्हा कधीतरी." दोघांनाही ठाऊक असतं की कुणी येत नाही. खरंच आला तर घरात धड बिस्किटंही नसतात. पण म्हटल्याशिवाय राहवतं का? नाही राहवत. तोंडालाच तसं वळण लागलेलं आहे.

तोयोला जुनी कार्डंही लागायची. रविवारच्या बाजारात एक जुनंपानं विकणारा बसतो, बसमिन नावाचा, त्याच्याकडे हा तासभर उकिडवा बसून चाळायचा. गेल्या नोव्हेंबरात बसमिननं त्याच्यासाठी एक जुडगा काढून ठेवला होता. खाली तुंतांगला, तळ्याच्या काठचं एक घर पाडलं, त्याच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात सापडलेला. बरीचशी कार्डं कोरीच होती. एक लिहिलेलं होतं.

पुढे तळ्याचं चित्र, दोन होड्या. मागे तिकीट चिकटवलेलं, पण त्यावर शिक्का नाही. म्हणजे लिहिलं, तिकीट लावलं आणि टाकायचं राहूनच गेलं. तोयोनं पत्ता वाचला आणि तो तिथेच बाजारात मटकन बसला. गल्ली आपली होती. घर त्याचंच, बूच्या वडिलांचं. नाव तुमिराचं.

मजकूर त्यानं मला इतक्यांदा सांगितलाय की मला पाठ झालाय. 'तुमिरा, मासळीचा हंगाम संपला, आता सवड आहे. मंगळवारी रात्री घरी आलो तर चालेल का? तुझ्या वडिलांशी बोलायचं आहे. चालेल की नाही तेवढं कळव. तू कळवल्याशिवाय मी यायचो नाही. — कास्मादी.'

साठ वर्षं तरी झाली असतील त्याला.

"मग त्यांनी आईला लगेच दाखवलं असेल," तेगार म्हणाला.

दाखवलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो असतो का? बूला त्याच दिवशी ताप भरला. आठवडाभर ती शुद्धीत नव्हती धड. आणि या खुळ्यानं मधल्या वेळात काय केलं ते ऐका. या कार्डवाल्यांची एक रीत असते. मुद्दाम नसलेल्या पत्त्यावर कार्ड पाठवायचं. पोस्टमन शोधतो, सापडत नाही, मग कार्डावर चिठ्ठी लावून, शिक्का मारून परत पाठवतात. 'असा कुणी इथे नाही.' त्या शिक्क्याला यांच्यात फार भाव. तोयोच्या डोक्यात आलं, साठ वर्षांपूर्वीचा प्रश्न माझ्याकडे आहे, त्याला मी उत्तर पाठवतो. घर तर पाडलंय. कार्ड शिक्का खाऊन परत येईल आणि दोन्ही शेजारी शेजारी वहीत लावता येतील.

त्याच जुडग्यातलं एक कोरं कार्ड घेतलं. रात्री एक वाजता, बूची कूस बदलून झाल्यावर, डोळ्यांवर झोप असताना लिहिलं. 'तुमचं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. कधीही या. आम्ही घरीच असतो. — हार्तोयो, तुमिराचा मुलगा.'

वर कास्मादीचं नाव आणि तुंतांगच्या त्या पाडलेल्या घराचा पत्ता घातला आणि सोमवारी सकाळी टाकलं पेटीत.

पुढच्या आठवड्यात बूचा ताप उतरला. दिवस तुम्हाला नक्की सांगतो. अठरा नोव्हेंबर. भुताखेतांची म्हणतात ती शुक्रवार-क्लिवोनची रात्र वगैरे काही नव्हती, साधा दिवस होता. संध्याकाळी बूला पेज भरवली, उशांना टेकवून बसवलं आणि तोयो म्हणाला, "बू, तुला एक गंमत दाखवतो. तुझ्या नावाचं कार्ड आलंय." आणि वाचून दाखवलं.

बूनं कार्ड हातात घेतलं. कडा चाचपल्या. कोपरे दुमडलेले नव्हते. कुठे गेलंच नव्हतं ना ते.

"कास्मादी," ती म्हणाली.

"कोण गं बू?"

"तळ्यावरून मासे घेऊन यायचा. पायरीवर उभा राहायचा, ये म्हटल्याशिवाय आत यायचा नाही. एवढा भिडस्त." मग म्हणाली, "माझं लग्न ठरायच्या आधी तळ्यात बुडाला. होडीच सापडली नुसती. मला विचारणार आहे असं सगळे म्हणायचे. मी वाट पाहिली. मला वाटलं, नाही विचारलं त्यानं... विचारलं होतं तर."

वातावरण हलकं करायला म्हणा, तोयोनं सांगून टाकलं. "बू, मी त्याला उत्तर पाठवलंय."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं की या. आणखी काय लिहिणार?"

बूनं त्याच्याकडे पाहिलं. "आज वार कुठला?"

"मंगळवार."

बूनं दाराकडे पाहिलं.

"अगं बू, माणूस कधीचा मेलाय."

"मेला म्हणून काय झालं? विचारलं त्यानंच ना? आणि या म्हटलं की तो यायचाच." मग तिनं त्याचं मनगट धरलं. "तीनदा हाक मारेल. तू उत्तर देऊ नकोस. चौथी मारणार नाही तो, जाईल निघून."

तुम्हा पोरांना हे सांगावं लागेल. तुम्ही दारात उभं राहून आतल्याला फोन करता, दार उघड म्हणून. आमच्या वेळी दारात थांबून 'कुलोनुवुन' म्हणायचं, तीनदा. आतून 'मोंगो' आलं तर चपला काढायच्या आणि आत जायचं. नाही आलं तर मुकाट्यानं परत फिरायचं. घरात माणसं असली तरी.

"मला न्यायला आला असेल तर?" बूनं विचारलं.

"मी बरा नेऊ देईन," तोयो म्हणाला.

"तू दमलायस रे तोयो."

त्याला राग आला. खरं सांगायचं तर राग यायचं कारण हेच की ती खरं बोलली होती. त्या आठवड्यात, तापात ती कण्हत असताना, एका रात्री त्याच्या मनात येऊन गेलं होतं, आता सुटू दे हिला. आणि त्याच्या पाठोपाठ, सुटली की मी या घरात एकटा. दोन्ही विचार मिनिटाच्या आत. त्यानंतर तो स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघत नव्हता. हे त्यानंच मला सांगितलं. मी त्याच्या हातात चहा दिला.

तर मंगळवारची रात्र. वरून धुकं उतरलं होतं, पलीकडच्या बाजूचा दिवा दिसत नव्हता. तोयोनं दाराला कडी घातली. बूच्या खाटेच्या आणि दाराच्या मध्ये खुर्ची टाकून बसला. पहाटे चारपासून उठलेला माणूस. धुणं, पुसणं, भरवणं, शाळा, परत धुणं. बू जागीच होती.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी फाटक वाजलं.

तोयोला वाटलं, पहाऱ्यावाले असतील, तांदूळ घ्यायला. पण पहाऱ्यावाले बोलत येतात. खोकत येतात.

हे बोलत नव्हते.

पायरीपाशी कुणीतरी थांबलं.

"कुलोनुवुन..."

हळू आवाज. तरुण. आपण झोपमोड तर करत नाही ना, असा.

बूनं ओठांवर बोट ठेवलं.

तोयोनं श्वास धरला... घड्याळ चाललेलं. बाकी काही नाही.

मग खूप वेळ गेला. खूप. पायरीवर कुणी हललंसुद्धा नाही. घाई नव्हती त्याला.

"कुलोनुवुन."

बूनं त्याचं मनगट घट्ट धरलं. तिची बोटं गार होती.

दोन झाल्या. एक राहिली. एकदा गप्प बसायचं, फक्त एकदा. तोयो स्वतःला सांगत होता, गप्प बस, गप्प बस. एक वाजला. काही नाही. सव्वा वाजला... काही नाही. धुकं. घड्याळ. बूचा श्वास. पाय जड. मान जड...

आणि त्याला दिसलं, तो लहान आहे. वडील पडवीत आहेत. पाहुणे आलेत. कुणीतरी दारातून हाक मारतंय आणि वडील म्हणतायत, अरे तोयो, बघतोस काय, म्हण ना...

"मोंगो."

स्वतःच्याच आवाजानं त्याला जाग आली.

खोलीत कुणी नव्हतं. बू त्याच्याकडे बघत होती.

"बोललास तू," ती म्हणाली.

"नाही..."

"बोललास."

बाहेर पायरीवर चप्पल काढल्याचा आवाज आला. एक.

मग दुसरी.

मग...

कडी हलली नाही. दार हललं नाही. पडदा हलला नाही. काहीच झालं नाही. तोयो खुर्चीत तसाच, बूच्या अंगावर हात पसरून, उजाडेपर्यंत बसून राहिला. बू मात्र थोड्या वेळानं झोपली. शांत झोपली.

उजाडल्यावर त्यानं दार उघडलं. पायरीवर चपला नव्हत्या. ओलं नव्हतं. चिखल नव्हता. फाटकाला आतून साखळी तशीच. तो आत धावला. बू श्वास घेत होती, ओठांना रंग होता. तोयो खाटेच्या कडेला बसून रडला. नेलं नाही म्हणून रडलो, असं मला म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मास, सगळंच काही त्यासाठी नव्हतं."

"म्हणजे?" गालिहनं विचारलं.

म्हणजे काही नाही. तुझी आई आजारी पडली की कळेल. देव करो आणि न कळो.

त्या रात्रीनंतर एक गोष्ट झाली. बुधवारी रात्री तोयोनं नेहमीसारखा गजर लावला आणि आडवा झाला. जाग आली ती सकाळी, कोंबड्याच्या आवाजानं. गजर बंद केलेला होता. घाबरून बूकडे गेला. रात्री तिला डाव्या कुशीवर ठेवलं होतं. आता ती उजव्या कुशीवर होती, पाठीमागे उशी नीट खोचलेली, गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेला टॉवेल. तो स्वतः ठेवायचा तसाच.

त्याला वाटलं, झोपेतच उठून आपण केलं असेल. दहा वर्षांची सवय आहे, हात आपोआप करत असतील.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. दर आठवड्याला नर्सबाई यायची, तिनं बूची पाठ पाहिली आणि म्हणाली, "पाक, जखम भरत आलीये. रात्रीचं कोण बघतं हिचं? हात चांगला आहे." तोयो म्हणाला, "मीच." आणि खाली मान घालून औषधं आणायला गेला.

एकदा धीर करून त्यानं विचारलं. "बू, रात्री..."

"झोप तू," बू म्हणाली. "तुला झोप हवीये."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, कसला माणूस, घरात काय चाललंय ते विचारत नाही? अरे, दहा वर्षांनी पहिल्यांदा झोपत होता तो. पाळीला यायचा तेव्हा ताठ बसायचा. शेंगा खायचा. एकदा तर त्यानं विनोद सांगितला. आम्हाला कळला नाही, पण सांगितला.

जानेवारीत बू गेली. रात्री झोपेत. सकाळी तोयोनं पाहिलं तर दाराकडे तोंड करून झोपलेली, पांघरूण खांद्यापर्यंत ओढलेलं, केस कानामागे सारलेले. त्यानं मला बोलावलं. मी गेलो तेव्हा तो खुर्चीत बसला होता. "नेलं त्यानं," म्हणाला. "पण वाट पाहिली बरं का, मास. बरी होऊ दिली, दुखणं कमी होऊ दिलं, मग नेलं." आणि थोड्या वेळानं, "आता संपलं. घर रिकामं झालं." ते दुसरं जे म्हणाला ना, ते म्हणताना त्याचा आवाज मला ऐकवेना.

सातव्या रात्रीची प्रार्थना होती. गल्ली सगळी आली होती, तुम्हीही होतात, जेवणाची पुडकी तुम्हीच तर वाटलीत. सगळे गेल्यावर तोयोनं मला थांबवलं. म्हणाला, "दुपारी पोस्टमन आला होता." आणि कार्ड पुढे केलं.

परत आलं होतं ते. दोन महिन्यांनी. तुंतांगच्या टपालाची चिठ्ठी लावलेली. त्या चिठ्ठीवर छापलेले चौकोन असतात, का परत आलं त्याचे. असा कुणी नाही. पत्ता अपुरा. घेण्यास नकार. मृत. तोयोला वाटलं होतं, पहिल्यावर खूण असेल, फार तर शेवटच्यावर.

खूण तिथे नव्हती. 'पत्ता बदलला' या चौकोनात होती.

खाली नवीन पत्त्यासाठी एक ओळ असते. बहुतेक रिकामीच असते. या चिठ्ठीवर ती भरलेली होती. तपकिरी शाई. जुन्या वळणाचं अक्षर. आपली गल्ली... घर तोयोचं.

त्यानं वही आणली आणि ते पहिलं कार्ड शेजारी ठेवलं. मी चष्मा लावून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. अक्षर एकच होतं.

तोयोनं वही मिटली. मग म्हणाला, "मला फक्त शिक्का हवा होता, मास."

मी म्हटलं, "जाळून टाक."

"कार्ड कसं जाळणार?" म्हणाला. हे लोक कार्ड जाळत नाहीत. कार्ड वहीतही नाही लावलं त्यानं. दुसऱ्या दिवशी मी दारावरून गेलो तर दाराच्या चौकटीला, 'हार्तोयो' लिहिलेल्या पाटीच्या खाली, ती चिठ्ठी टाचलेली होती. एखाद्या भाडेकरूचं नाव लावावं तशी. तो नेहमीसारखा पाळीला येतो, शेंगा खातो, घरी जातो. परवा न्हाणीत पडला तेव्हा मात्र उचलताना माझ्या कानाशी म्हणाला, "मास, घरी आल्यावर रात्रीचं कोण बघेल माझं?" मी म्हटलं, बघू.

*

किटलीतला चहा गार झाला होता. रेंद्राच्या हातातली शेंग कधीची तशीच होती.

"जायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा," मार्गोनो म्हणाले.

गालिह उठला. मागोमाग दुसरे दोघेही उठले, कारण एकट्यानं चौकीत थांबायला कुणी तयार नव्हतं आणि एकट्यानं वर जायलाही. डब्याचा आवाज एकेका घरापाशी थांबत चढावर गेला. मग बराच वेळ आवाज आला नाही. मार्गोनोंनी गुडघे चोळले.

तिघं परत आले ते न बोलता. गालिहच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात पेला. पेला त्यानं दाराच्या खिळ्यावरून दोरीसकट काढून आणला होता.

"कुलूप आहे, म्बाह," तो म्हणाला. "आत अंधार आहे."

"मग?"

गालिहनं पेला पुढे धरला. तेगारनं फोनचा उजेड पाडला. पेल्यात तांदूळ होता. मूठभर, वरून हातानं सारखा केलेला.

"परवा पाक तोयोंना गाडीत घातल्यावर हा पेला मी धुतला होता," तेगार म्हणाला. "मीच उलटा टांगला होता."

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"ओत डब्यात," मार्गोनो म्हणाले.

"म्बाह..."

"ओत. घरटी एक मूठ ठरलेली आहे. त्या घराची आली."

गालिहनं पेला डब्यात उलटा केला. मार्गोनोंनी गार चहा एका घोटात संपवला आणि खांबाला पाठ टेकली.

"उद्या दवाखान्यात जाऊन तोयोला सांगतो," ते म्हणाले. "बिनघोर घरी ये म्हणावं."